पाटीवर काय लिहायचे?

यंदा महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला झाली आणि आठवड्याच्या आतच रोजे सुरू झाले. खजूर विकणाऱ्याच्या हिशेबात हे दोन सण वेगळे नाहीत, तो एकच हंगाम आहे. उपवासाला खजूर चालतो आणि रोजा तर खजुरानेच सोडायचा असतो. गेल्या २२ सप्टेंबरपासून खजुरावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे किरकोळ विक्रेत्याला थोडा श्वास घेता आला. तरीही बहुतेक दुकानांत खजुराच्या पेट्या रमजानच्या तोंडावरच बाहेर येतात आणि त्यांच्यावर चाँदतारा छापलेली, ‘रमजान स्पेशल’ लिहिलेली चिठ्ठी असते. ज्या घरात शिवरात्रीचा उपवास झाला, त्या घरातली बाई ती पेटी पाहून पुढे जाते. तिला कोणी अडवलेले नसते. हा माल आपल्यासाठी नाही, असे चिठ्ठीनेच तिला सांगितलेले असते.

उदाहरण लहान आहे, पण छोट्या व्यापाऱ्यापुढचा आजचा प्रश्न त्यात पुरता दिसतो. पाटीवर काय लिहायचे, कोणत्या भाषेत लिहायचे, स्वतःचे नाव लिहायचे की नाही? गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न दुकानाच्या ओट्यावरून उठून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, आणि तोही एकदा नाही.

२०२४च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर पोलिसांनी कावड यात्रेच्या मार्गावरील खानावळी आणि हातगाड्यांना मालकाचे नाव लावण्याचे फर्मान काढले. पुढे ते राज्यभर लागू झाले आणि उत्तराखंडातही त्याची री ओढली गेली. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. न्यायालयाचा आशय सरळ होता. अन्न कोणत्या प्रकारचे आहे हे विक्रेत्याने सांगावे, मात्र मालकाचे आणि नोकरांचे नाव लावण्याची सक्ती करता येणार नाही. पुढच्या वर्षी हाच प्रश्न क्यूआर कोडच्या रूपाने परत आला. तेव्हा, म्हणजे २२ जुलै २०२५ रोजी, न्यायालयाने कायद्याने लागणारा परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी लावा एवढेच सांगितले, बाकीच्या वादात ते शिरले नाही.

या दोन आदेशांतून छोट्या दुकानदाराने घ्यायची गोष्ट एकच आहे. गिऱ्हाईकाचा हक्क ताटातल्या पदार्थावर आहे. ते कशाचे आहे, कोणत्या तेलातले आहे, स्वच्छ आहे की नाही, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे आणि विक्रेत्याने त्याचे उत्तर न विचारता द्यायला हवे. इथे मात्र आपल्याकडच्या रमजानच्या बाजारात ढिलाई आहे, हे मान्य केले पाहिजे. मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या गल्लीत, पुण्यात कोंढव्याच्या कौसरबागेत इफ्तारनंतर जी गर्दी उसळते, तिच्यात मुस्लिमेतर खवय्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे. रील पाहून आलेली ही मंडळी मालपुवा आणि फिरनीचे फोटो काढतात, मग नल्ली निहारीकडे वळतात. ती ‘छोटे का’ आहे की ‘बडे का’, हे मोहल्ल्यातल्या माणसाला न सांगता कळते. साताऱ्याहून आलेल्या पाहुण्याला हे शब्दच माहीत नसतात. महाराष्ट्रात २०१५पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. ‘बडे का’ म्हणजे म्हशीचे मांस असते आणि त्याला कायद्याची मनाई नाही. पण कायद्याने चालते म्हणून समोरच्याला चालते असे होत नाही. ‘बोकडाचे’, ‘म्हशीचे’, ‘कोंबडीचे’, ‘शाकाहारी’ असे चार शब्द ठळक मराठीत लिहिलेला फलक शंभर रुपयांत होतो. तो नसेल आणि एखाद्या पाहुण्याला खाऊन झाल्यावर कळले, तर तो माणूस परत येत नाही, शिवाय जाऊन दहा जणांना सांगतो. त्याच्या जागी कोणीही असता तर त्याने हेच केले असते.

नावाचा प्रश्न निराळा आहे. ‘नाव लपवून धंदा करतात’ हा आरोप अलीकडे फार सहजपणे केला जातो. व्यापाराचा इतिहास थोडा उलगडला तर त्यात दम राहत नाही. पुण्यात ‘वैशाली’त डोसा खाणाऱ्याने मालकाचे आडनाव कधी विचारले नाही. बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया’चा ब्रिटनशी संबंध नाही, ते इराण्याचे हॉटेल आहे. परक्या मुलखात येऊन धंदा मांडणाऱ्याने आपल्या घराण्याचे नाव न लावता सर्वांच्या तोंडी बसेल असे नाव घ्यावे, ही जुनी व्यापारी समज आहे. उडुप्याने ती पाळली, इराण्याने पाळली, मग ‘न्यू भारत’ किंवा ‘नॅशनल’ नावाचे सलून चालवणाऱ्या एखाद्या शेखने ती पाळली तर तेवढाच संशयास्पद का ठरतो?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर इथल्या मुस्लिम व्यावसायिकाने नाव कधी लपवलेच नव्हते. त्याचे आडनावच त्याची पाटी होती. बागवान म्हणजे फळे, तांबोळी म्हणजे विड्याची पाने, मनियार म्हणजे बांगड्या, आतार म्हणजे अत्तर. पिंजारी आणि नदाफ गादीचा कापूस पिंजायचे, शिकलगार विळे-चाकूंना धार लावायचे, मुलाणी गावगाड्यातला हक्काचा माणूस होता. आताराच्या पेटीत अत्तराबरोबर कुंकू, बुक्का, गुलाल आणि अष्टगंध असे, आणि देवाच्या यात्रेत त्याची जागा ठरलेली असे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात मनगटावर लागणारे अत्तर आणि शिंपडले जाणारे गुलाबपाणी बहुधा त्याच्याकडूनच यायचे. अनेक गावांत नवरीचा हिरवा चुडा मनियाराच्या हातून भरला जायचा, आजही जातो. बांगडी भरताना तो माणूस पोरीचा हात हातात घेतो. एवढ्या भरवशाच्या नात्यात पाटी लागत नाही.

मग आताच पाटीला इतके महत्त्व का आले? त्याचे उत्तर राजकारणात शोधले जाते आणि ते थोडेफार तिथे सापडतेही. पण एक कारण बाजारातच आहे. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातली ओळख पातळ झाली आहे. पूर्वी उधारीची वही असायची. वहीत नाव असायचे, म्हणजे घर, शेत, पोरांच्या शाळा आणि पीकपाणी हे सगळे ठाऊक असायचे. आता फोनवरून पैसे दिले की डब्यातून आवाज येतो, दोघेही मान वर करत नाहीत. शहर पसरले, वस्त्या बदलल्या, जुने शेजार मोडले. अनोळखी दुकानात शिरणाऱ्याकडे पाहण्यासारखे उरते काय, तर पाटी. ओळखीची जागा पाटीने घेतली, म्हणून पाटीवरून भांडता येते. गावच्या बाजारात बागवानाच्या ढिगाऱ्यातून कलिंगड ठोकून घेणारी म्हातारी त्याचे नाव जाणते, त्याच्या वडिलांचेही जाणते. बहिष्काराची हाक देणारे बहुतेक वेळा त्या ढिगाऱ्याचे गिऱ्हाईक नसतातच.

याचा अर्थ संबंध चांगले ठेवले की सगळे ठीक होईल, असा नाही. रमजानच्या महिन्यात असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि ते अर्धे बरोबर असतात. २०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. कारण असे दिले गेले, की यात्रेच्या काळात गावात तळणे, लग्नकार्य, शेतीची कामे बंद ठेवण्याची प्रथा आहे आणि हे व्यापारी ती पाळत नाहीत. तालुका प्रशासनाने दखल घेऊन चौकशी लावली, राज्यभर चर्चा झाली. त्या यात्रेत वर्षानुवर्षे पाल ठोकणाऱ्यांचे संबंध वाईट होते का? तसे कोणी म्हटले नाही. तरीही एका ठरावाने त्यांची वर्षाची बेगमी टांगणीला लागली. यात्रेकरू व्यापारी उचल घेऊन माल भरतो, आणि महिनाभराची यात्रा हुकली तर ती उचल पुढच्या हंगामापर्यंत डोक्यावर राहते. वैयक्तिक नात्याला जमावापुढे फार बळ नसते. तिथे राज्यघटनेचे कलम १५ आणि १९ कामाला येते. दुकान, उपाहारगृह, सार्वजनिक जागा यांत धर्मावरून मज्जाव करता येत नाही आणि कोणालाही कोणताही कायदेशीर धंदा करता येतो, हे ग्रामसेवकाने ठराव लिहून घेतानाच सांगायला हवे.

मात्र मढीच्या ठरावातले कारण, ते खरे असो की निमित्त, छोट्या व्यापाऱ्याने कानाआड करू नये. गावाची एखादी प्रथा असेल आणि ती सर्वांनी पाळावी असे गावाला वाटत असेल, तर नियम सर्व दुकानदारांसाठी सारखा करता येतो. तळण बंद म्हणजे सगळ्यांचेच बंद, मग तेल कोणाच्याही कढईत असो. आणि व्यापाऱ्यांच्या बाजूने चार जाणत्या माणसांनी होळीच्या आधीच गावात जाऊन ‘यंदा काय पाळायचे’ हे विचारले, तर ठराव करणाऱ्यांच्या हातातला तो मुद्दा निघून जातो. हे अशक्य नाही. २०२३मध्ये बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी, २९ जूनला आली होती. तेव्हा अनेक गावांतल्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे स्वतःहून ठरवले. ना कोणाचा आदेश होता, ना नोटीस. श्रावणात मटणाच्या दुकानात गर्दी नसते हे खाटिकाला जसे ठाऊक असते, तसेच हेही ठाऊक असणे धंद्याचाच भाग आहे.

मटणाच्या दुकानांवरूनही मार्च २०२५मध्ये, म्हणजे ऐन रमजानात, वाद उभा राहिला. मंत्री नितेश राणे यांनी हिंदू विक्रेत्यांच्या झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली. कोणाला झटका हवा असेल तर त्याला तो मिळावा, यात गैर काही नाही. जसे मुसलमानाला हलाल हवे, तसे त्याला झटका. प्रश्न प्रमाणपत्र पदार्थाचे आहे की विक्रेत्याच्या धर्माचे, एवढाच आहे. शिवाय या धंद्याची साखळी पाहिली तर कोण कोणाला वगळणार हे कोडेच पडते. शेळ्या-मेंढ्या पाळतो धनगर, आठवडी बाजारात सौदा करतो मुस्लिम किंवा हिंदू खाटिक, आणि शेवटचे गिऱ्हाईक रविवारी सकाळी पिशवी घेऊन रांगेत उभे असते. एक टोक ओढले की दुसऱ्या टोकाला धनगराच्या बोकडाचा भाव पडतो.

मालेगावच्या यंत्रमागांची गोष्ट अशीच आहे. माग मोमीन-अन्सारींचे, सूत पुरवणारे आणि कापड उचलणारे व्यापारी बरेचसे मारवाडी आणि गुजराती, आणि कोरे कापड प्रक्रियेला राजस्थानात पाली-बालोतऱ्याकडे जाते. या साखळीत भाईचाऱ्याची भाषणे होत नाहीत, पण सूत उधार मिळते आणि ठरल्या दिवशी पैसे पोचतात. शहरात तणाव असतानाही हा व्यवहार थांबला नाही, कारण थांबला असता तर दोघांचेही पैसे बुडाले असते. एतबार म्हणतात तो असा, दोन्ही बाजूंची रक्कम अडकलेला. पुढाऱ्यांचे फोटो छापलेल्या इफ्तार पार्टीच्या बॅनरपेक्षा तो जास्त टिकतो. (त्या पार्ट्यांत व्यापारी पाहुणे कमी आणि उमेदवार जास्त असतात, हे आता कोणाला सांगायला नको.)

आता भाषा. राज्यातील सर्व दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत असाव्यात, अशी दुरुस्ती २०२२मध्ये झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही तिच्यात आली. किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, पण २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या लावा असे सांगितले. सुनावणीत दसरा-दिवाळीचा उल्लेख झाला, खटल्यावर घालायचा पैसा पाटीवर घाला असा सूर निघाला. कायद्यात दुसऱ्या लिपीला मनाई नाही, फक्त मराठी अक्षर तिच्यापेक्षा लहान असू नये.

दुसऱ्या बाजूने पातूरचा निकाल आहे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूत नाव होते. उर्दूचा हा वापर तिथे १९५६पासूनचा. त्याला आव्हान दिले गेले, आणि १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नाही, उर्दू याच मातीत जन्मली आहे, असे न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने विस्ताराने मांडले. म्हणजे वर ठळक मराठी आणि खाली उर्दू अशी पाटी आज पूर्ण कायदेशीर आहे. भिवंडी, मालेगाव, नांदेडच्या ज्या दुकानांवर वर्षानुवर्षे फक्त उर्दू किंवा इंग्रजी होती, त्यांनी मराठी अक्षर दंडाच्या भीतीने चिकटवू नये. मराठी वाचणारे गिऱ्हाईक त्याच रस्त्याने रोज जाते, आणि त्याला आत काय मिळते हे कळत नाही, हे नुकसान दंडापेक्षा मोठे आहे. कोकणातला आणि पश्चिम महाराष्ट्रातला मुस्लिम व्यापारी घरातही मराठी किंवा कोकणी बोलतो, त्याला ही अडचण कधी आलीच नाही. मराठवाडा-खानदेशात मात्र उर्दू शाळेतून निघालेला मुलगा गल्ल्यावर बसतो तेव्हा ‘आपको क्या होना?’वर अडतो. समोरच्या काकूंना ‘काय देऊ, काकू?’ असे विचारले की त्या दोन मिनिटे जास्त थांबतात. भाव करतील, कुरकुरतील, पण थांबतील.

फोनवरचे दुकान हा नवा ओटा झाला आहे आणि तिथल्या चुका जुन्यांपेक्षा महाग पडतात. अनेकांचा एकच नंबर असतो. त्याच नंबरवर ऑर्डर, त्याच्याच स्टेटसवर तकरीर, निवडणुकीचा व्हिडिओ आणि शेवयांचा भाव. गिऱ्हाईकाला यातले फक्त शेवयांचे काम असते. धंद्याचा नंबर वेगळा ठेवला तर कोणाचा इमान कमी होत नाही. सणाच्या शुभेच्छांचेही तसेच. दिवाळीला पाचशे जणांना एकच पणतीचे चित्र पाठवण्यापेक्षा, ज्या घरी गेल्या वर्षी चारोळी आणि केशर गेले त्या घरी ‘यंदाचा माल आलाय, बाजूला ठेवू का?’ एवढी एक ओळ जास्त काम करते. शीरखुर्म्यासाठी आणलेल्या शेवया, खारीक, बदाम, चारोळी हे सगळे पाडव्याच्या खिरीतही जाते. यंदा पाडवा १९ मार्चला आहे आणि ईद त्याच्या मागोमाग. गेल्या वर्षी तर ३० मार्चला पाडवा आणि ३१ला ईद होती, आणि एकाच काउंटरवर दोन्ही याद्या बांधल्या जात होत्या.

रमजानमध्ये अनेक दुकानदार जकातीसाठी वर्षाचा हिशेब मांडतात. शिल्लक माल, येणे-देणे काढून अडीच टक्के बाजूला ठेवतात. माल मोजताना डागी, जुना, दबलेला वेगळा पडतोच. भिजलेले धान्य ढिगाच्या आत दडवणाऱ्याला पैगंबरसाहेबांनी हटकले होते, ते बाजारातच, आणि गिऱ्हाईक कोणत्या धर्माचे आहे हे विचारून नव्हे. गेल्या रमजानचा उरलेला खजूर नव्या पेटीत भरणाऱ्याला कोणतीही पाटी वाचवत नाही.

पुढच्या वर्षी महाशिवरात्र रमजानच्या शेवटच्या दिवसांत येईल. खजुराची मागणी तेव्हा दोन्हीकडून एकाच आठवड्यात उठेल. वाशीच्या ठोक बाजारात जानेवारीतच माल नोंदवावा लागेल, आणि पेटीवरची चिठ्ठी छापायला देताना तिच्यावर कोणत्या सणाचे नाव घालायचे, की नुसते ‘खजूर’ आणि भाव, हेही तेव्हाच ठरवावे लागेल.